पळायच्या विजारीला अस्तर

प्रिय साडूभाऊंस, सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही पाठवलेल्या फोटोबद्दल तुमचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. (म्हणजे माझ्या उजव्या अंगठ्याचं नख सोडून. ते आता खुशालही नाही आणि पायावरही नाही. त्याची हकीकत पुढे येईल.) तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती आम्ही रोज बघतो. दुकानातल्या मोठ्या आरशाच्या चौकटीत, उजव्या कोपऱ्यात, ट्रायलचा कोट घालून गिऱ्हाईक वळलं की पहिली नजर जाते बरोबर तिथे, तुमची तब्येत खोचून ठेवलेली आहे. ती हिने खोचली आहे. फोनवर आलेला फोटो हल्ली कुणी छापून आणतं का? हिने आणला. तोही मोठा करून. (हे पत्र मी आरशाकडे पाठ करून लिहितो आहे. तुमच्याकडे बघत बघत तुम्हाला लिहिणं मला जमत नाही.)

फोटो पाहून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता यायचं नाही, म्हणून त्या भानगडीत पडत नाही. शर्यत संपतानाचा फोटो, दोन्ही हात वर, तोंडभर हसू. मी मात्र आधी शिवण बघितली. धंद्याची खोड. तुमच्या त्या बिनबाह्यांच्या सदऱ्याचा डावा खांदा बोटभर उतरलेला दिसतो. दोष सदऱ्याचा नाही, खांदाच उतरलेला आहे. तुमच्या लग्नाचा कोट शिवताना मीच आतून जादा गादी भरून तो खांदा वर आणला होता. सासरच्या मंडळींना हे अजून ठाऊक नाही. मी कधी कुणाजवळ बोललो नाही आणि बोलणारही नाही, फक्त परवा हिच्याजवळ बोललो. त्याच कोटाला मी पोटाशी माया सोडली होती, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. तुमचं विम्याच्या कचेरीतलं बैठं काम, तेव्हा माणूस सुटणारच, अशी माझी खात्री. एक दिवस तुम्ही तो कोट हातावर टाकून याल आणि म्हणाल, मास्तर, जरा सोडून द्या, याची मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. आणि तुम्ही पाठवलंत काय, तर पोट नसलेला फोटो.

तेही मी सोसलं असतं. पण दुपारी दुकानात सामसूम असली की ही काजं करायला बसते, आणि काजं करता करता हिची सुई थांबायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात हिची सुई कधी थांबलेली मी पाहिली नव्हती. आमच्या भांडणातसुद्धा चालू असते, उलट तेव्हा जरा जास्तच वेगात. ती आता थांबते, ही चष्मा कपाळावर सरकवते आणि आरशाच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहते. एकदा तर उसासा टाकून म्हणाली, किती हलकं वाटत असेल ना असं पळताना. मी टेप गळ्यात घालून समोरच उभा होतो. माझ्याकडे बघून आजवर हिला काही हलकं वाटल्याचं ऐकिवात नाही.

साडूभाऊ, उगाच साखरपेरणी कशाला करू, मी जळलो. नीट, आतून, अस्तरासकट जळलो. आरसा माझा, दुकान माझं, हात लांब करून फोटो काढून टाकायला मला कुणाची परवानगी नको होती. पण मी काढून काय उपयोग? खोचला हिने, तेव्हा काढला पाहिजे हिनेच, आपल्या हाताने, आपण होऊन. आणि शक्य झालं तर त्या जागेकडे एकदा बघून नंतर माझ्याकडे बघितलं पाहिजे. एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी पळायचं ठरवलं. (धावदोरा सोडला तर माझ्या आयुष्यात धावण्यासारखं तोवर काही आलेलं नव्हतं.)

आधी बूट. दुकानात गेलो तो सकाळी सकाळी, आंघोळ करून, पाय कसे ताजे असताना. भिंतभर बूट मांडलेले, आणि रंग असे की त्यांतल्या एकाही रंगाचं कापड मी माझ्या दुकानात ठेवणार नाही. काळा किंवा तपकिरी दाखवा म्हटलं, आणि याला पॉलिश कुठलं लागतं तेही विचारलं. तिथली मुलगी जांभई देत होती, ती अर्ध्यावर ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मग मी माझ्या पद्धतीने निवड केली. प्रत्येक बूट उलटा केला, शिलाई तपासली, टाके एकसारखे आहेत का पाहिलं, दोऱ्याची टोकं आत घेतली आहेत का पाहिलं, आणि सगळ्यांत सुबक शिलाईचा जोड उचलला. त्या बुटाचा तळवा बोर्डासारखा ताठ आहे, वाकता वाकत नाही, हे मुलीने सांगितलं. मी म्हटलं, ताठ असणं हा दोष कधीपासून झाला?

मग ती म्हणाली, एक नंबर मोठा घ्या, पळताना पाय फुगतो, पुढे अंगठाभर जागा लागते, आणि खरं तर बूट घ्यायला संध्याकाळी यावं. आता तुम्हीच सांगा, जन्मभर ज्याने अंगाबरोबर शिवण्यात नाव कमावलं, पाठीवर सुरकुती दिसली तर आख्खा कोट उसवला, त्याला ही सैल घालायला सांगते. माया मीही सोडतो, पण ती आतल्या बाजूला, कुणाला दिसत नाही अशी. बुटाला आतली बाजू कुठली, तिथे नुसता पायच असतो. मी बूट घातले, आरशासमोर उभा राहिलो, श्वास रोखला, टाचा जुळवल्या. (माझी गिऱ्हाइकं अशीच उभी राहतात.) तंतोतंत बसले. चार पावलं पळून बघा म्हणाली. चारचौघांत दुकानात पळायला मी काय चोर आहे? तसेच बांधून घेतले.

कपडे मात्र मी विकतचे घेणार नव्हतो. शिंप्याने तयार कपडे घ्यायचे म्हणजे आचाऱ्याने खाणावळीत डबा लावायचा. एका न्यायाधीशांच्या सुटातला उत्तम लोकरी तुकडा माझ्याकडे उरलेला होता. (कसा उरला ते विचारू नका, तुमच्या कोटातूनही थोडा उरला होता.) त्याची विजार केली. पुढे कडक घडी, बाजूला दोन खिसे, घड्याळासाठी एक चोरखिसा, आणि आत गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर. काजं करताना हिने विचारलंच, पळायच्या विजारीला अस्तर कशाला? मी म्हटलं, ज्याच्या आतल्या शिवणी उघड्या आहेत असा कपडा मी गिऱ्हाइकाला देत नाही, तो स्वतः घालू? त्यावर हिने दोरा दाताने तोडला. वर सुती सदरा, कॉलरचा, कारण कॉलरशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आत गंजी. आणि सकाळचा गारठा म्हणून सगळ्यांवर जाकीट. ट्रायल घेतली, आरशात बघितलं. एका बाजूला तुम्ही ते बनियनवजा काहीतरी घालून, आणि दुसऱ्या बाजूला मी. म्हटलं, आता बघू सुई कुणाकडे बघून थांबते.

पहिल्या सकाळी मी दुकानाच्या पायरीवरून पळत निघालो, आणि गल्लीत हाहाकार झाला. तो पोशाख आणि तो वेग एकत्र बघितल्यावर लोकांना एकच अर्थ लागत होता. पाववाल्याने भट्टी सोडून बाहेर येऊन विचारलं, मास्तर, कोण गेलं? घड्याळदुरुस्तीवाल्याला वाटलं आपणच उशिरा उठलो, त्याने घाईघाईने दुकान उघडलं. पुढच्या चौकात एक बाई आपण होऊन बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, जा जा, तुमची गाडी चुकेल. पुलापर्यंत मी बरा होतो. पुलाच्या चढावर सुती सदरा घामाने ओला झाला आणि अंगाला चिकटून बसला, जाकिटाच्या आत उकडायला लागलं, आणि अस्तराने वर चढायला सुरुवात केली. अस्तर वर चढतं तेव्हा लोकर एकटी खाली राहते. ओली लोकर मांड्यांना काय करते ते मी सभ्य माणसाला लिहिणार नाही, पण मी त्यानंतर बरेच दिवस शिवणयंत्रावर पाय फाकून बसलो, हे खरं.

उतारावर तर कहर झाला. चढावर पाय टाचेकडे असतो, उतारावर तो सगळा पुढे येतो. पुढे माया नव्हती. दर पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटत होता, आणि मी दर पावलाला त्या जांभई देणाऱ्या मुलीची आठवण काढत होतो. शेवटी मैदानाच्या कठड्यावर बसलो. भोकंभोकं पडलेला सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ झपझप पळत आले, मला वळसा घालून गेले, पुन्हा आले आणि म्हणाले, कुणाला बोलावू का? मी म्हटलं, नको, मी नुसता बसलोय. जाकिटाची बटणं लावली, विजारीची घडी सरळ केली आणि चालत घरी आलो. हिने बूट काढले तेव्हा अंगठा काळानिळा झाला होता. हिने गरम पाण्यात पाय ठेवला, फुंकर घातली, सगळं केलं, आणि मग मान वर करून बघितलं ते आरशाच्या उजव्या कोपऱ्याकडे.

त्याच दिवशी मी जाहीर केलं की पळणं हा विम्याच्या कचेरीतल्या माणसांचा छंद आहे, कारागिराचा नव्हे. बूट, विजार, सदरा, सगळं गाठोडं बांधून कटिंगच्या टेबलाखाली ढकललं. फोटो जिथल्या तिथे. मी रोज त्याच्यावरची धूळ झटकायचो. (झटकताना कधी कधी फडकं जरा जोरात लागायचं.)

पुढे काही दिवसांनी टेबलाखाली खडू शोधताना हाताला बूट लागले, तर ते ओले. तळव्याला गवत. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कूस बदलली तर शेजारी ही नाही. साडूभाऊ, जळणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हिला आता फोटो पुरत नाही, ही पळणारी माणसं प्रत्यक्ष बघायला मैदानावर जाते. ते भोकंभोकंवाले गृहस्थसुद्धा मला अचानक तरुण वाटायला लागले. मी पायात चपला सरकवल्या आणि अंगठा सांभाळत, लंगडत पुलावर जाऊन उभा राहिलो.

मैदानावर कुणीतरी एकटंच फेऱ्या मारत होतं. आधी मी माणूस ओळखला नाही, विजार ओळखली. न्यायाधीशांचं कापड मी कुठेही ओळखीन. पण तिचं काय झालं होतं! पाय गुडघ्याखाली कापलेले, कंबर मागून दोन चुण्या घालून आत घेतलेली, घडीचा पत्ता नाही आणि अस्तर समूळ काढलेलं. वरच्या सदऱ्याची कॉलर गायब, बाह्या गायब, जाकीट तर नाहीच. माझ्या हातच्या कपड्यांवर कुणीतरी कात्री चालवली होती. आणि सांगायला जीव जातो, पण कटिंग चांगलं होतं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही, पाऊल टाकलं की कापड पावलाबरोबर जात होतं. असं कटिंग या गावात कोण करतं म्हणून मी डोळे बारीक केले, आणि मग मला दिसलं की ती आमची मंडळी आहे.

मी खाली गेलो. ही मला बघून थांबली, कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागली. इतकं काही विचारण्यासारखं होतं, पण माझ्या तोंडून निघालं ते बुटांबद्दल.

"तुमचेच आहेत," ही म्हणाली. "मला पुढे अंगठाभर जागा राहते. छान होतात. तळवा तेवढा फार ताठ आहे."

"आणि हे सगळं त्या फोटोपायी?"

"हो," ही म्हणाली. अगदी सरळ म्हणाली.

मी तिथेच गवतावर बसलो आणि म्हटलं, साडूभाऊ दिसायला चांगले आहेत, मी नाही म्हणत नाही, पण एका खांद्यात त्यांच्या गादी लागते. ही आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हिला काय समजायचं ते समजलं, आणि हसून हसून हीसुद्धा माझ्याशेजारी बसली.

"अहो, त्यांच्याकडे कोण बघतंय? त्यांच्या मागे कोण आहे ते कधी बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. दुकानात येऊन, चष्मा लावून, नाक फोटोला टेकेपर्यंत जवळ जाऊन बघितलं. तुमच्या उजव्या कोपराच्या मागे, कडेला अर्धी कापली गेलेली, केस घट्ट बांधलेली हिची धाकटी बहीण, म्हणजे तुमचीच मंडळी आहे. ओठ आवळलेले, नजर तुमच्या पाठीवर. अजून चार पावलं मिळाली असती तर तिने तुम्हाला मागे टाकलं असतं, असा एकंदर रंग दिसतो. (तुम्ही हात वर करून हसत होतात, म्हणजे तुम्हाला याची कल्पना नव्हती.) तरी तिने फोटोबरोबर जे लिहिलं होतं त्यात सगळं तुमचंच कौतुक, स्वतः पळते याबद्दल चकार शब्द नाही. फोनवर ती मुंगीएवढी दिसत होती, म्हणून हिने फोटो मोठा करून आणला होता.

ही काजाचं कापड मांडीवर घेऊन बसली आणि खाली बघतच बोलली. "शाळा सुटल्यावर आम्ही फाटकापर्यंत पळायचो. ती कधीच माझ्या पुढे गेली नाही. रडायची, पण मागेच राहायची. आणि आता ती कुठे आणि मी कुठे. मला फार जळायला झालं हो."

तेव्हा असा हा प्रकार. एका दुकानात, एका आरशासमोर, एका फोटोकडे बघून मी एकीकडे जळतोय आणि ही दुसरीकडे जळतेय, आणि भोवती सगळं कापड. दुकान कसं वाचलं याचंच नवल. मला वाटलं आता तरी फोटो उतरेल. पण ही म्हणते, धाकटीला मागे टाकल्याशिवाय तो उतरणार नाही, रोज बघितला की पाय उचलतात. म्हणजे मला रोज तुम्ही, आणि हिला रोज धाकटी. आता ही पहाटे पळते, मी पुलावर हिची शाल सांभाळत उभा राहतो. माझी विजार माझ्यापेक्षा हिला शोभते, याचाही थोडा जळफळाट होतो. पण ही वळणावरून येताना दिसली की तो विसरायला होतो. नख आलं की मीही पुन्हा सुरू करीन म्हणतो. परवा संध्याकाळी त्या बुटांच्या दुकानात जाऊन एक नंबर मोठा जोड घालून पाहिला. मुलगी या वेळी जांभई द्यायची विसरली.

बाकी सर्व क्षेम. थोरामोठ्यांस नमस्कार सांगावा, प्रकृतीस जपावं, आणि पळताना अधूनमधून मागे बघत जावं.

तुमचा थोरला साडू,
मास्तर

ता.क. : लग्नाचा तो कोट पाठवून द्या. आता तो सोडायचा नसून आत घ्यायचा आहे, हे कबूल करताना मला काय होतंय ते मलाच माहीत. कोटाच्या आत गुंडाळून धाकटीचा एखादा जुना पळायचा सदरा आणि विजार पाठवा. जुना कपडा उसवून त्याचं कटिंग काढून घेणं ही आमच्या धंद्यातली सरळ रीत आहे, यात चोरी नाही. तरी धाकटीला कळू देऊ नका. ते ताणणारं कापड माझ्या यंत्रावर टीप धरत नाही, तयार कपडेवाल्यांनी ते कसं जमवलंय ते मला बघायचंय. हिच्यासाठी मी असा जोड शिवणार आहे की तुमच्याकडच्या दुकानांत तसा दिसणार नाही. अस्तर लावणार नाही.

दुसरा ता.क. : हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं इकडे येणार, आणि या दोघी मैदानावर उतरणार हे नक्की. तेव्हा धाकटीने शेवटच्या वळणावर जरा हळू पळावं, एवढं तुम्ही बघा. पायात खडा गेला म्हणावं, बुटाची नाडी सुटली म्हणावं, तुम्ही विम्याचे लोक, कारणं तुम्हाला सुचतील. फोटो उतरायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. तुमच्या खांद्याबद्दल मी जन्मभर तोंड उघडणार नाही.

तिसरा ता.क., मोठीच्या हातचा : भाऊजी, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. शेवटच्या वळणावर कुणी हळू पळायचं नाही. धाकटीला सांगा, नाडी घट्ट बांधून ये. आणि फोटो मी आज दुपारीच उतरवला, तिला मागे टाकायला मला तो लागत नाही. त्या जागी यांचा लावलाय, पहिल्या सकाळी पायरीवरून मागून काढलेला, जाकिटासकट. हे अजून आरशाकडे पाठ करून बसलेत. गिऱ्हाईक आलं की वळतील.